आटवून बघितलेलं बिल

आमच्या भागात दुधाला भाव रंगावर देत नाहीत, आणि माणसाच्या बोलण्यावर तर मुळीच नाही. दूध घालणारा म्हणतो, "म्हशीखालून काढलं ते थेट तुमच्या दारात आणलं बघा." आपण बरं म्हणायचं, त्याला चहा द्यायचा, आणि त्यातलं थोडं दूध छोट्या कढईत घालून त्याच्यासमोर चुलीवर ठेवायचं. आटून तळाला जेवढा खवा उरेल, तेवढं ते दूध खरं. त्याच्यासमोर, हे महत्त्वाचं. माघारी आटवायचं आणि मग "तुझ्या दुधात पाणी होतं" म्हणायचं, ही भांडणाची रीत झाली, व्यवहाराची नाही.

हीच रीत गाडीच्या बिलालाही लावता येते, हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं. ते दाखवलं माझ्या धाकट्या जावेनं. म्हणून तिच्याबद्दल लिहिते. तिला हे कळलं तर म्हणेल, "आक्का, कामं न्हाईत का दुसरी?" म्हणू दे.

आमचं गाव भूम आणि परंड्याच्या मधलं. घराच्या मागं पत्र्याचं शेड, शेडात खव्याची भट्टी. आमच्या दोघींची माणसं रान आणि म्हशी बघतात, भट्टी आम्ही जावा-जावा बघतो. मी थोरली म्हणून बोलायचं काम माझ्याकडं आणि कढई तिच्याकडं. तुम्ही खवा करताना कुणाला बघितलं नसेल तर सांगते, एकदा दूध उकळीला आलं की उलथणं हातातून सोडायचं नाही. माशी नाकावर बसली तरी सोडायचं नाही. पाहुणा आला तरी मानेनंच "या, बसा" म्हणायचं. हात थांबला की खवा तळाला लागला, आणि एकदा लागला की करपट वास सगळ्या कढईला. धाकटीचा हात गेल्या कित्येक वर्षांत थांबलेला मी बघितला नाही.

गाडी आली ती याच खव्यापायी. आधी व्यापारी दारात यायचा. खव्यात बोट घालायचा, चव घ्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि मनाला येईल तो भाव सांगायचा. आम्हाला माहीत, आणि त्यालाही माहीत, की संध्याकाळपर्यंत हा माल उन्हानं आंबट होणार. द्यावाच लागायचा. धाकटीनं हे किती वर्षं सोसलं कुणास ठाऊक. एक दिवस म्हणाली, "आक्का, आपणच पेढेवाल्यांच्या दुकानात गेलो तर?" मी म्हटलं, "कशानं, उडत?" पण सहा महिन्यांत दारात जुनी पांढरी व्हॅन उभी होती आणि धाकटी ज्वारी काढलेल्या मोकळ्या रानात ती शिकत होती. पन्नाशी उलटलेली बाई! बांधावर पोरं बसून टाळ्या वाजवायची. तिचे मालक दुसरीकडं तोंड करून विडी ओढायचे, लाजेनं की भीतीनं ते देवाला माहीत. महिनाभरानं तीच पोरं म्हणायला लागली, "काकू, आमाला परंड्यात सोडा की." गाडी आल्यावर आम्ही आमच्या मालाचा भाव आमच्या तोंडानं सांगायला लागलो. एवढीच त्या गाडीची गोष्ट, आणि एवढीच आमची सगळी कमाई.

तर ही गाडी बंद पडली सोनारीच्या वाटेवर. काळभैरवाच्या यात्रेचे दिवस, पेढेवाल्यांनी खवा सांगून ठेवलेला, मागं डबे भरलेले. एका चढाला गाडी नुसती ओरडायला लागली. इंजिनाचा आवाज आभाळाला आणि चाकं जागेवर. तेवढ्यात वास आला. धाकटी म्हणाली, "आक्का, कायतरी लागलं." आता 'लागलं' म्हटल्यावर मी काय करणार? मागं वळले आणि खव्याच्या डब्याचं झाकण उघडून हुंगायला लागले.

"तिकडं न्हवं," धाकटी म्हणाली, "गाडीला लागलंय."

खवा ओळखीच्या टेम्पोतून पुढं गेला. परंड्याच्या रस्त्याला आमच्या ओळखीच्या मिस्त्रीचं गॅरेज आहे, तो जीप घेऊन आला, आमच्या गाडीला दोर बांधला आणि ओढत नेली. मिस्त्री माझ्या मुलाच्याच वयाचा. हसरा, पण बोलायला चिकट, विचारेल तेवढंच सांगणार.

चार दिवसांनी गाडी तयार झाली आणि बिलाचा फोटो माझ्या मोबाईलवर आला. अकरा हजार आठशे. अक्षर बारीक, माझा चष्मा जुना. मी तो फोटो पुण्याला माझ्या मुलाला पाठवला, म्हटलं वाचून तर दाखव. आता हा मुलगा माझा असला तरी वाढला धाकटीच्या कडेवर. मी रानात जायची तेव्हा तीच त्याला सांभाळायची. तिच्यावर त्याचा जीव आहे, म्हणूनच ती गाडी त्याला डोळ्यांसमोर नको. वर्षभर म्हणत होता, काकूंचं वय झालं, गाडीचंही झालं, दोघांनी बसावं निवांत.

अर्ध्या तासात फोन. "आई, लुटलंय तुम्हाला. क्लच प्लेट मी इथं मोबाईलवर बघितली, निम्म्यात मिळतीय. वर मजुरी तीन हजार! आणि 'इतर' म्हणून बाराशे. इतर म्हणजे काय?"

"मी विचारते त्याला."

"विचारू नको काही. आणि समजा लुटलं नसेल, बिल खरं असेल, तर त्याहून वाईट. मग गाडीच संपली म्हणायची. खव्यात कमवायचं आणि गाडीत घालायचं. विकून टाका. गिऱ्हाईक मी बघतो."

फोन स्पीकरवर होता. धाकटी उलथणं फिरवत ऐकत होती. कढईतली उकळी तिनं खाली बसवली, आणि फोनकडं न बघता म्हणाली, "बाळा, बिल खोटं निघालं तर मिस्त्री बदलू. खरं असून परवडणारं नसंल तर गाडी विकू. पर आधी आटवून तर बघू."

"काय आटवून बघायचं, काकू?"

"बिल."

तो हसला. मीसुद्धा हसले. ती हसली नाही. मला म्हणाली, "मिस्त्रीला फोन लावा. म्हणावं, पैसे तयार हाईत, पर गाडी घिऊन हितं या. अन् गाडीतनं जे जे काढलं ते पोत्यात भरून आणा. एक नटसुद्धा ठिवू नका."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला तेव्हा कढई चुलीवर होती. त्यानं बाहेरूनच हाक मारली, "मावशी, गाडी आणली. बघताव का चालवून?"

"उलथणं सोडता येत न्हाय. आत या."

शेडात धूर, वाफ, चिपाडांचा जाळ. मिस्त्री पोतं ओढत आत आला आणि घाम पुसत उभा राहिला. मी त्याला पाट दिला. धाकटीनं मला खुणावलं, तसा मी पुण्याला फोन लावला आणि स्पीकर करून शेडाच्या खांबावर टांगला. सगळे हजर. आटवायला सुरुवात.

आता इथं मीही एक शहाणपणा केला, तो सांगते. पोत्यातली गोल तबकडी मिस्त्रीनं बाहेर काढली, "ही जुनी क्लच प्लेट." मी काय करावं? ती उचलून खव्याच्या काट्यावर ठेवली. म्हटलं, एवढ्याशा लोखंडाला एवढे पैसे?

मिस्त्री बघतच राहिला. "आक्का, ही वजनावर मिळत न्हाय."

"मग कशावर मिळते?"

फोनमधून मुलगा म्हणाला, "आई, तू खाली ठेव ती." 

धाकटी म्हणाली, "हिकडं आणा." उजवा हात उलथण्यावर, तसाच फिरता. डाव्या हातात प्लेट घेतली आणि नाकाशी नेली. डोळे मिटले. वाफेनं तिचं तोंड लाल झालं होतं, कपाळावरचं कुंकू खाली उतरलं होतं, आणि ती बाई गाडीचा भाग असा हुंगत होती जसा आम्ही दुसऱ्याच्या भट्टीवरचा खवा हुंगतो.

"हाच वास," ती म्हणाली. "सोनारीच्या चढाला आला तो. लागल्याचा." मग अंगठा फिरवला. "अन् हितं हाताला टोचतंय काय?"

"अस्तर ठोकलेल्या रिबिटा उघड्या पडल्यात. वरचं अस्तर सगळं घासून गेलं." 

"म्हंजे प्लेट आपल्याच गाडीची. अन् गेलेली." तिनं प्लेट माझ्याकडं दिली. "हे तळाला उरलं. खवा हाय. पुढं."

तेव्हा मला कळलं ही काय करतीय ते. बिलातल्या एकेका गोष्टीला ती जाळावर धरत होती. उडून जातं ते पाणी, उरतं ते खरं.

फोनमधून मुलानं विचारलं, "पण मोबाईलवर निम्म्यात आहे, त्याचं काय?" 

मिस्त्रीनं खिशातून दुकानाची पावती काढली. "साहेब, निम्म्यात नुसती प्लेट. मी प्लेट, तिच्यावरचा दाब देणारा भाग अन् बेरिंग, तिन्ही बदललं. एक बदलून दोन जुनी ठिवली तर सहा महिन्यांत पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा. पुन्हा मजुरी. मग तुमीच म्हणाल लुटलं." पोत्यातून त्यानं ते दोन्ही जुने भाग काढून पुढं ठेवले. 

मुलाला ते पटलं. मग म्हणाला, "बरं. पण एवढ्या लवकर प्लेट गेली कशी?"

मिस्त्री आता धाकटीकडं बघायला लागला. बघायचा, खाली बघायचा. 

"बोला की," धाकटी म्हणाली. "लाजताव काय नव्या नवरीवानी?"

"मावशी, राग धरू नका. तुमचा पाय सारखा क्लचवर असतो. गिअर बदलून झाला की पाय काढून घ्यायचा असतो. तुमी तसाच टेकवून ठिवता. म्या एकदा बाजारात बघितलंय."

धाकटीनं खाली बघितलं, स्वतःच्या उजव्या हाताकडं. हात फिरतच होता. आणि मग ही बाई जी हसायला लागली! उलथणं कढईला खडाखडा वाजायला लागलं.

"आक्का," मला म्हणाली, "हाताची सवय पायाला लागली बघा. सोडलं की लागतंय, म्हणून सोडलंच न्हाय. अन् तिथं न सोडल्यानं लागलं!" 

मला तर पदर तोंडाला लावावा लागला. मिस्त्रीही हसला. पुण्याहून आवाज आला, "काय झालं? मलाही सांगा की." 

"बाळा," ती म्हणाली, "प्लेटचे पैसे मिस्त्रीनं न्हाय खाल्ले. तुझ्या काकूच्या पायानं खाल्ले."

किती जणांना असं म्हणता येतं, सांगा. दुसऱ्याचं पाप शोधायला बसावं, आपलं सापडावं, आणि त्याच दमात ते पदरात घ्यावं. मी असते तर आधी मिस्त्रीला चार शब्द सुनावले असते, मग तुळजापूरच्या देवीची शपथ घेतली असती.

पण तिचं आटवणं संपलं नव्हतं. दूध आता घट्ट व्हायला लागलं होतं, बुडबुडे फुटताना टप टप आवाज येत होता. 

"बिलात ब्रेकचंबी लावलंय, त्याचं काय?" तिनं विचारलं. "ब्रेक तर लागत हुते. मी चालवत हुते, मला ठावं."

"गाडी जॅकवर हुती, मागचं चाक फिरवून बघितलं तर घासत हुतं. खोललं. आतलं अस्तर पातळ झालेलं. म्हणलं मावशी एकटी बाई, भरल्या गाडीनं उतार उतरती, टाकून घ्यावं." पोत्यातून ते झिजलेले ब्रेक त्यानं काढले. खरंच पातळ होते, उन्हात वाळलेल्या कारल्याच्या चकतीसारखे.

"चांगलं केलं," धाकटी म्हणाली. "पर विचारलं का?"

मिस्त्रीनं हातातला ब्रेक नुसता उलटासुलटा केला.

"फोन हुता न्हवं तुमच्याकडं? बिलाचा फोटू धाडायला हुता."

"चुकलं मावशी. ते पैसे कापा."

"सामानाचे न्हाय कापायचे. सामान माझ्या गाडीला लागलंय, त्याचे घ्या. न विचारता केलेल्या कामाची मजुरी मात्र न्हाय द्यायची. तुमी माझ्या दुधात न विचारता साखर घातली तर साखरंचे पैसे दीन, ढवळल्याचे न्हाय देणार."

हा निवाडा मी अजून लोकांना सांगते. सामानाचे द्यायचे, न विचारलेल्या मेहनतीचे नाहीत. कोर्टातल्या माणसांना कसा वाटेल माहीत नाही, पण मिस्त्रीच्या चेहऱ्यावर मी बघितलं, त्याला तो पटला होता. पैसे कापले गेल्याचं दुःख नव्हतं. उलट ओझं उतरल्यासारखा तो पाटावर नीट मांडी घालून बसला.

"अन् हे 'इतर'?"

"ते... जीप आणली, डिझेल, दोर. गिरीस, रॉकेल, फडकी."

"मग जीपचं जीप म्हणून लिवा. आमी खव्याच्या डब्यावर 'दूध अन् इतर' असं लिवलं तर गिऱ्हाईक काय समजंल?"

"मैदा," मिस्त्री म्हणाला आणि खो खो हसला. बसल्याबसल्या पेन काढून त्यानं 'इतर' खोडलं आणि तिथं नीट लिहिलं, जीप एवढी, तेल-ग्रीस एवढं. त्याची बेरीज तीच बाराशे आली. पण आता ती वाचता येत होती. 

राहिली क्लचची मजुरी. मुलगा तिलाच धरून बसला होता. "काकू, तीन हजार फार होतात. दोन दिवसांचं काम ते."

धाकटीनं जाळ कमी करायची मला खूण केली. खवा गोळा व्हायला आला होता, आता हात सगळ्यात जड चालतो. तिला दम लागत होता, म्हणून ती तुकड्या-तुकड्यानं बोलली. "बाळा, तू दिवाळीला आपला खवा पुण्याला नेतो. तुझ्या हाफिसातली माणसं काय म्हणत्यात?"

"ते वेगळं, काकू."

"तूच सांगितलं हुतंस. म्हणत्यात, एवढं महाग? दूध तर एवढ्याला मिळतंय. मग तू काय म्हणतूस?"

"म्हणतो... पाच लिटर दूध घातलं तर किलोभर खवा निघतो. आणि मग त्याला लाकूड लागतं. आणि..." 

"आणि?"

"आणि एक माणूस तासभर हात न सोडता उभं असतं." मग तोच म्हणाला, "काकू, तुम्ही मला त्याच कढईत घातलं."

"तुला न्हाय घातलं. त्याची मजुरी घातली." हनुवटीनं तिनं मिस्त्रीकडं दाखवलं. "गिअरबॉक्स खाली घेणारा ह्यो. गाडीखाली उताणा पडून वर बसवणारा ह्यो. वाफ गेली म्हणून दूध वाया गेलं असं म्हणता येतं व्हय?"

मुलगा काही वेडा नाही. समजून घेणारा आहे, आणि त्याची भीतीही खोटी नव्हती. त्यानं आवाज बदलून मिस्त्रीला सरळ विचारलं, "दादा, खरं सांगा. ही गाडी अजून किती चालेल?"

मला वाटलं आता मिस्त्री आपल्या बाजूनं बोलणार, लोखंड हाय लोखंड, दहा वर्षं हालत न्हाय. पण तो डोकं खाजवत म्हणाला, "इंजिन चांगलं हाय. पर मावशी बसतात त्या बाजूचा खालचा पत्रा गंजलाय. ते माझ्याकडं हुत न्हाय, वेल्डिंगवाल्याकडं न्या. पावसाच्या आधी करा. तवर त्या बाजूला डबे ठिवू नका. ते केलं तर दोन-तीन वर्षं बघायचं काम न्हाय. त्याच्या पुढचं मी बोलणार न्हाय."

"हे बिलात लिहिलं नव्हतं," मुलगा म्हणाला. 

"माझं काम न्हवतं ते, साहेब."

"सांगायचं तरी होतं!" हे आम्ही तिघं एकदम बोललो, मी, धाकटी आणि पुण्याचा फोन. मिस्त्रीनं कान धरले.

धाकटीनं कढई खाली घेतली. पांढराशुभ्र, दाणेदार गोळा. हात धुतले, पदराला पुसले आणि खांबावरच्या फोनजवळ जाऊन उभी राहिली. तिला फोनवर बोलताना अजून वाटतं की जवळ गेल्याशिवाय ऐकू जात नाही.

"बाळा, बिलात थोडं पाणी हुतं, ते गेलं. बाकीचं खरं हाय अन् परवडतंय. पत्रा मी करून घेते. अन् तुला शब्द देते. दर साली ही गाडी मी अशीच आटवून बघणार. ज्या साली तळाला काय उरणार न्हाय, त्या साली मी सोता तुझ्या हातात चावी दीन. गिऱ्हाईक तू बघ. पर ह्या साली न्हाय."

मग, "बरं काकू. पण पाय क्लचवरनं काढा." 

"काढते की. आता ठावं झालं न्हवं."

मिस्त्रीला पैसे दिले. तो उठायला लागला तशी धाकटीनं त्याला खाली बसवलं आणि कढईची खरवड काढून वाटीत दिली. कढईच्या काठाला जी खमंग साय-खरवड चिकटते ती आमच्याकडं लहान पोरांना देतात, नाहीतर ज्याच्यावर माया असेल त्याला. मिस्त्रीनं बोटानं वाटी पुसून खाल्ली.

गाडी अजून दारात आहे. पत्रा झाला. पहिले काही दिवस मी शेजारी बसून नुसतं तिच्या पायाकडं बघायची आणि "पाय!" म्हणून ओरडायची. एकदा ती वैतागून म्हणाली, "आक्का, तुमीच चालवा मग." तेव्हापासून मी रस्त्याकडं बघते.

आणि मिस्त्री? त्याला त्या दिवसापासून विचारायची अशी काही सवय लागलीय की काय सांगू. परवा नुसतं तेल बदलायला गाडी दिली होती. भट्टीवर दूध उकळीला आलेलं, धाकटीचा हात उलथण्यावर, आणि माझा फोन वाजला. मी तिच्या कानाला लावला. 

"मावशी, एक बोल्ट झिजलाय. बदलू का?"

"आवं, एका बोल्टाला काय इचारताव!"

"तुमीच म्हणलं हुतं."

धाकटीनं माझ्याकडं बघितलं. हात फिरतच होता. "बदला," ती म्हणाली, "अन् जुना पोत्यात ठिवा."